रिकामी कळशी कोणी भरायची?

शैक्षणिक सहल, किशोरांचा उपरोध आणि सहकार्याचे शिक्षण

सहलीला निघण्यापूर्वी बरोबर कोणते सामान घ्यावे, याची यादी वसतिगृहाच्या सूचनाफलकावर आठवडाभर आधी लावली जाते. ताट, वाटी, पांघरूण, टोपी, वही, पेन्सिल असे सारे त्या यादीत असते. आठवी-नववीत पोहोचलेली काही मुले मात्र यादीत नसलेली एक वस्तू न विसरता बरोबर घेतात. ती म्हणजे उपरोध. शिक्षकांनी ‘सर्वांनी मिळून’ एवढे शब्द उच्चारायचा अवकाश, की मागून एक वाक्य येते, भोवतालची दहा मुले हसतात आणि शिक्षकांच्या पुढच्या वाक्यातील जीवच निघून जातो.

आमच्या विद्यालयातून शिकून गेलेल्या अनेकांना हे वाचताना स्वतःचे किंवा आपल्या एखाद्या सोबत्याचे स्मरण होईल. पालकांना घरचा अनुभव आठवेल. ‘पूर्वी हा किती गोड बोलायचा, आता सरळ म्हणून बोलत नाही,’ ही तक्रार पालकसभेत दरवर्षी ऐकू येते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाची थोडी सविस्तर मांडणी करावी, असे आम्हा शिक्षकांना वाटले. उपरोध करणाऱ्या मुलाला सहकार्य शिकवता येते काय, आणि येत असल्यास ते कसे, हा या लेखाचा प्रश्न आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे आहे: उपरोध करणाऱ्याला उणीव इतरांच्या आधी दिसते आणि कोणत्याही समूहाला अशा नजरेची गरज असते. त्याला शिकवायचे ते एवढेच, की जी उणीव आपल्याला दिसली ती भरण्यासाठी पहिला हातही आपणच लावावा.

हे वय असे का बोलते?

लहान मूल मनात येईल ते बोलते. भूक लागली की भूक लागली म्हणते. बोललेला शब्द आणि मनातला अर्थ यांत अंतर ठेवता येते, हे त्याला हळूहळू उमगते. उशिरा आलेल्या माणसाला ‘वा, फारच लवकर आलात!’ असे म्हणण्यासाठी समोरच्याच्या मनात काय चालले आहे, भोवतालच्यांना काय ठाऊक आहे आणि कोणता सूर लावला म्हणजे उलटा अर्थ नेमका पोहोचेल, याचा अंदाज असावा लागतो. मुलाला तो साधू लागला, म्हणजे त्याची बुद्धी वाढली आहे. पालकांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

दुसरे कारण सोबत्यांचे. उपरोधाला ऐकणारे लागतात. एकांतात तो फारसा सुचत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना मोटार चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला होता. सोबती पाहत असताना किशोरवयीनांनी एकटे असतानापेक्षा बराच अधिक धोका पत्करला. प्रौढांमध्ये हा फरक आढळला नाही. या वयात सोबत्यांची नजर किती मोठी असते, ते यावरून समजते. शिक्षकांसमोर टोमणा मारणे हाही एक धोकाच असतो आणि त्याचे बक्षीस दहा जणांच्या हशाच्या रूपाने तेथल्या तेथे मिळते.

तिसरे कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उपरोध हे चिलखत आहे. एखाद्या कामात मन घातले आणि ते फसले, तर हसू होते. मनच घातले नाही, तर फसण्यासारखे काही उरत नाही. आमच्याकडे येणारी अनेक मुले दूरच्या तालुक्यांतून येतात. कोणाची बोली वेगळी असते, कोणाच्या घरी पुस्तक वाचणारा तो पहिलाच असतो. पाचवीत आल्यावर ज्याच्या उच्चारांवर इतर हसले, तो मुलगा नववीत पोहोचेपर्यंत एक युक्ती शिकलेला असतो: आपल्यावर कोणी हसण्याआधी आपणच सर्वांवर हसून घ्यावे.

उपरोधाचा वारसा

उपरोध मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर आपल्याच वारशाकडे पाठ फिरवावी लागेल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात विदूषक वारंवार मध्ये येतो आणि भोळ्या शेतकरी दांपत्याला लुबाडणाऱ्या भटजीचे पितळ उघडे पाडतो. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’तही पुराणकथांची झडती फुले घेतात ती उपरोधानेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’मधील लेखन ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्या लेखणीची धार ठाऊक आहे. त्रिपिटकातही हा स्वर ऐकू येतो. तेविज्ज सुत्तात स्वतः न पाहिलेल्याचा मार्ग इतरांना दाखवणाऱ्यांना तथागत एकामागे एक चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. ती ऐकून श्रोत्यांपैकी काहींना हसू आले असले, तर त्यात नवल नाही.

या सर्व उपरोधाचा रोख कोणाकडे होता, हे मात्र पाहावे लागते. तो ज्ञानाची मक्तेदारी सांगणाऱ्यांकडे, माणसाला पाणी नाकारणाऱ्या व्यवस्थेकडे होता. ओझे वाहणाऱ्याकडे तो नव्हता. ओझे लादणाऱ्याचे बिंग फोडणारा शब्द आणि ओझ्याखाली दमलेल्याला आणखी वाकवणारा शब्द, हे दोन्ही शब्द एकाच जिभेवरून येऊ शकतात. किशोराला या दोहोंतील भेद दाखवून देणे, हे शिक्षकाचे काम आहे.

निवासी शाळेत या भेदाला विशेष महत्त्व आहे. दिवसाच्या शाळेत टोमणा खाल्लेले मूल संध्याकाळी घरी जाते. आईजवळ बसले की निम्मा घाव भरतो. वसतिगृहात टोमणा मारणारा आणि तो झेलणारा यांच्या गाद्या शेजारी-शेजारी असतात. सकाळचे वाक्य रात्री दिवे मालवल्यावर पुन्हा ऐकू येते, आणि कधीकधी सुट्टीला गेलेले मूल परत यायला नकार देते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उपहास सोसला, त्याच समाजाची मुले एकमेकांची बोली, वर्ण, अंगकाठी किंवा आईवडिलांचा व्यवसाय यांवर हसू लागली, तर शाळा उभारण्याचा हेतूच हरवतो. म्हणून या प्रश्नाला आम्ही किरकोळ खोडी समजत नाही.

सहलीची आखणी

वर्गात सहकार्यावर भाषण देता येते. सहकार्य शिकवता येईलच असे नाही. वर्गात प्रत्येकाची वही वेगळी, उत्तरपत्रिका वेगळी, गुणही वेगळे. सहलीत मात्र एकाने डबा विसरला की सहा जण उपाशी राहतात. सहलीच्या शिकवणीचे सामर्थ्य यातच आहे.

नववीच्या वर्गाची सहल आम्ही कार्ले आणि भाजे येथील लेण्यांना नेतो. मळवली स्थानकावर उतरले की इंद्रायणीच्या खोऱ्याच्या एका अंगाला कार्ले आणि दुसऱ्या अंगाला भाजे. मुलांच्या सहा-सहांच्या तुकड्या होतात. स्वयंपाकाचे सामान, पाणी, प्रथमोपचार, मोजमापे, शिलालेखांची टिपणे आणि स्वच्छता अशी कामे असतात. कोणते काम कोणी व कसे करायचे, हे तुकड्यांनीच बैठक घेऊन ठरवायचे असते. शिक्षक बरोबर असतात, सुरक्षिततेकडे लक्ष ठेवतात, पण मुलांच्या आखणीत हात घालत नाहीत. आखणीतली उणीव मुलांनाच दिसावी आणि मुलांनीच ती दूर करावी, असा यामागे विचार आहे.

प्रत्येक सहलीला एक नियमही असतो: उणीव दिसली की आधी हात लावायचा, मग बोलायचे. हा नियम कोठून आला, ते पुढे येईलच.

दोन वाक्ये

अलीकडच्या एका सहलीतील प्रसंग येथे सांगतो. त्या मुलाचे नाव देत नाही. देण्याची गरजही नाही, कारण प्रत्येक तुकडीत तो असतोच. अभ्यासात हुशार, वाचन उत्तम आणि जीभ त्याहून तल्लख. मळवलीला उतरल्यावर शिक्षकांनी लवकर चला म्हणताच तो म्हणाला, “सर, लेणी दोन हजार वर्षं थांबली आहेत. अजून दहा मिनिटं थांबतील.” शिक्षकांनाही हसू आवरले नाही. तुकडीप्रमुखाने एकीच्या बळाचा उल्लेख केला, तेव्हा त्याचे भाष्य तयार होते: “एकीचं बळ म्हणजे एकानं ओझं उचलायचं आणि बाकीच्यांनी बळ द्यायचं.” यात तुकडीच्या कामकाजाचे बऱ्यापैकी अचूक वर्णन होते, हेही मान्य करायला हवे.

कार्ल्याच्या डोंगरावर सुमारे साडेतीनशे पायऱ्या चढून जावे लागते. एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या भाविकांची वर्दळ असते आणि ऊन लवकर तापते. पाण्याच्या तुकडीने वीस लिटरचे दोन कॅन बरोबर घेतले होते. दोन्ही कॅन तुकडीतील धट्ट्याकट्ट्या मुलांकडे होते आणि ती मुले झपाझप वर निघून गेली. मागे राहिलेल्यांत एक स्थूल, दम लागणारा मुलगा होता. अर्ध्या वाटेवर त्या हुशार मुलाने लागोपाठ दोन वाक्ये उच्चारली. पहिले वाक्य असे: “पाणी पुढे आणि तहान मागे. नियोजन उत्तम आहे!” दुसरे, बसून राहिलेल्या मुलाकडे पाहून: “हा पोचेपर्यंत आपण इथंच एक नवीन लेणं कोरून घेऊ.”

दोन्ही वाक्यांवर हशा सारखाच पिकला. दोहोंत फरक मात्र मोठा होता. पहिले वाक्य व्यवस्थेविषयी होते आणि खरे होते. जे चालण्यात मागे पडतात त्यांनाच तहान अधिक लागते, आणि पाणी त्यांच्यापासून सर्वांत दूर गेले होते. ही गोष्ट बेचाळीस मुलांपैकी त्या एकालाच दिसली होती. दुसरे वाक्य माणसाविषयी होते. त्यात कोणाला नवे काही कळले नाही, फक्त एक मान खाली गेली.

बरोबरच्या शिक्षकांनी दुसऱ्या वाक्याबद्दल त्या मुलाला बाजूला घेऊन, इतरांच्या कानी पडणार नाही अशा आवाजात, दोनच शब्दांत समज दिली. सर्वांदेखत बोलले असते, तर त्याला पुन्हा श्रोते मिळाले असते आणि दमलेल्या मुलाची दुसऱ्यांदा चर्चा झाली असती. पहिल्या वाक्यावर त्यांनी सर्वांसमोर विचारले, “बरोबर आहे तुझं. मग काय करायला हवं?” या प्रश्नाची त्याला सवय नव्हती. थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, “एक कॅन पुढे, एक मागे.” “आणि मागचा कोण नेणार?” नियम सर्वांना पाठ होता. त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडली नाही.

एक कॅन खाली मागवला गेला. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. एकट्याने पायऱ्यांवरून नेणे अवघड. जाड बांबूच्या काठीत कॅनची मूठ अडकवून दोघांनी न्यायचे ठरले. दुसरा खांदा दिला तो दमलेल्या मुलानेच. तो चालण्यात मंद असला तरी अंगात बळ होते, आणि बसून राहिल्याची लाज त्याला अधिक जड झाली होती.

काठीवरून ओझे नेण्याचे शास्त्र साधे आहे, पण ते दुसऱ्याच्या तोंडून कळत नाही, खांद्यालाच कळते. पायऱ्या चढताना काठी तिरपी होते आणि कॅन खालच्या माणसाकडे घसरतो, त्यामुळे त्याच्या खांद्यावर भार वाढतो. म्हणून मूठ दोरीने काठीला जखडावी लागते आणि ती वरच्या माणसाच्या थोडी जवळ ठेवावी लागते. दोघांची पावले एका तालात पडली नाहीत, तर कॅन झोके घेतो आणि दोघेही धडपडतात. ताल ठरतो तो सावकाश चालणाऱ्याच्या पावलावर. वेगवान माणसाला आपला वेग आवरावाच लागतो. वरच्या माणसाला मागचे दिसत नाही, म्हणून ‘थांब’, ‘चल’, ‘बदल’ असे मोजके शब्द ठरवावे लागतात. पन्नास पायऱ्यांनंतर त्या दोघांत एवढेच शब्द उरले. टोमण्याला जो श्वास लागतो, तो आता दुसऱ्या कामी येत होता.

पाचीनवंसातील पाण्याचे भांडे

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी भन्तेजींनी मुलांना पालि वाङ्मयातील दोन कथा सांगितल्या. दोन्ही पाण्याच्या भांड्याविषयीच्या आहेत.

पहिली कोसंबीची. अट्ठकथेनुसार तेथील एका भिक्खूने शौचालयातील भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. हा दोष आहे की नाही, यावरून विनयाचे जाणकार आणि धम्माचे जाणकार यांच्यात वाद पेटला. दोन तट पडले, शिष्य विभागले गेले, उपासकही विभागले गेले. तथागतांनी समजावून पाहिले, पण वादाचा भर ओसरेना. अखेर ते एकटेच तेथून निघून गेले. भांड्यातले पाणी ओतून देण्यास एक क्षण पुरला असता. पण दोष दाखवणारे सारे होते आणि ओतणारा कोणी नव्हता.

दुसरी कथा मज्झिम निकायातील उपक्किलेस सुत्तात येते. कोसंबी सोडल्यावर तथागत पाचीनवंस नावाच्या वनात पोहोचले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तीन भिक्खू राहत होते. तुम्ही एकोप्याने कसे राहता, असे तथागतांनी विचारले. उत्तरात मोठे तत्त्वज्ञान कमी आणि घरकाम अधिक आहे. भिक्षेहून जो आधी परततो, तो आसने मांडतो, पाणी भरून ठेवतो. जो शेवटी परततो, तो भांडी घासून ठेवतो, जागा झाडतो. पिण्याचे, धुण्याचे किंवा शौचाचे पाण्याचे भांडे रिकामे ज्याच्या दृष्टीस पडेल, तोच ते भरतो. एकट्याला उचलले नाही, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून ते उचलतात. त्यासाठी मौन मोडत नाहीत. दर पाचव्या दिवशी मात्र तिघे रात्रभर एकत्र बसून धम्मचर्चा करतात.

आमच्या सहलीचा नियम येथून आला आहे. भांडे रिकामे ज्याला दिसले त्यानेच भरायचे, या एका वाक्यात सहकार्याचे सारे शास्त्र सामावले आहे. कोणाची पाळी होती, कोणी निष्काळजीपणा केला, हे प्रश्न त्या क्षणी मागे पडतात. पाणी भरले जाते. चर्चेलाही जागा आहे, पण तिची वेळ ठरलेली आहे. आमच्या सहलीतही दिवसभराच्या उणिवांची चर्चा रात्रीच्या आढाव्यात होते आणि तेथे मुलांना मोकळेपणाने बोलण्याची मुभा असते. तीक्ष्ण बोलणेही चालते. अट एकच, की बोट व्यवस्थेकडे असावे, माणसाच्या अंगाकडे नसावे. थट्टेविषयीही बुद्धवचन स्पष्ट आहे. राहुलाला केलेल्या उपदेशात तथागत सांगतात, की थट्टेखातरही असत्य बोलू नये. दमलेल्या मुलावरचे वाक्य या कसोटीला उतरत नाही. पाण्याविषयीचे वाक्य उतरते.

दोरी आणि खांब

सहकार्य आपोआप होत नाही, हे आधुनिक अभ्यासही सांगतो. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचे बळ मोजले आणि १९१३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे वाढत गेली तसतसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठ जण एकत्र ओढत असताना दरडोई बळ एकट्याच्या बळाच्या निम्म्यावर आले होते. काही घट ताल न जमल्यामुळे होते, तर काही ‘माझ्यावाचून काय अडते’ या भावनेमुळे. पुढे अमेरिकेतील लताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली टाळ्या वाजवणे व ओरडणे या कृतींबाबतही हेच दाखवले. प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे ओळखता येईल अशी व्यवस्था केली, की ही ढिलाई नाहीशी होते, असेही त्यांच्या पुढील प्रयोगांत आढळले. ‘एकाने उचलायचे, बाकीच्यांनी बळ द्यायचे’ हा आमच्या विद्यार्थ्याचा टोमणा म्हणजे रिंगेलमानचाच निष्कर्ष होता.

१९५४ साली मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात केलेला प्रयोगही प्रसिद्ध आहे. बावीस मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली, तेव्हा शिवीगाळ आणि नासधूस सुरू झाली. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवून किंवा चित्रपट दाखवून वैर निवळले नाही. शिबिराचे पाणी बंद पडले तेव्हा मात्र दोष शोधायला दोन्ही गट एकत्र निघाले. अन्न आणायला जाणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा सर्वांनी मिळून तो दोरीने ओढला. ज्या दोरीने ते आधी रस्सीखेच खेळले होते, तीच ही दोरी. या अडचणी प्रयोगकर्त्यांनी मुद्दाम घडवल्या होत्या आणि त्यावर पुढे टीकाही झाली. तरी त्यातला धडा शिक्षकाला उपयोगी आहे. नुसत्या सहवासाने मने जुळत नाहीत. सर्वांना लागणारे आणि एकट्याला न झेपणारे काम समोर यावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले पुन्हा कार्ल्याच्या चैत्यगृहात गेली, तेव्हा या सर्व गोष्टींचा अर्थ दगडात पाहायला मिळाला. सुमारे अडतीस मीटर लांब आणि चौदा मीटर रुंद असे हे दालन इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास एकाच कड्यात कोरले गेले. छताला अजूनही लाकडी कमानी आहेत. आत सदतीस खांब आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट गावचे यवन, सोपाऱ्याचे एक भिक्खू, दर्शनी भागाच्या कामाशी नाव जोडलेले एक सुतार आणि एक गंध विकणारा, बाहेरचा सिंहस्तंभ देणारा महारठी अशी किती माणसे तेथे भेटतात. एका राजाने आज्ञा दिली आणि लेणे झाले, असे येथे घडले नाही. गावे वेगळी, धंदे वेगळे, काहींचे मूळही परदेशी. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला, त्या वाट्यावर त्याचे नाव राहिले आणि छत मात्र सर्वांचे एकच झाले.

आम्ही मुलांना नेहमी या खांबांपाशी उभे करतो. सहकार्य म्हणजे स्वतःला पुसून टाकणे, असा अनेक किशोरांचा समज असतो आणि उपरोधाने ते त्यालाच विरोध करीत असतात. हा त्यांचा विरोध रास्त आहे. खांबावरचे नाव त्यांना सांगते, की तुझा वाटा ओळखू येईल आणि तरीही छत एकट्या तुझे नसेल. म्हणूनच सहलीच्या अहवालात ‘सर्वांनी मदत केली’ असे वाक्य आम्ही लिहू देत नाही. कोणी काय केले, ते नावानिशी लिहायचे. त्या वर्षीच्या अहवालात मागच्या कॅनपुढे दोन नावे आहेत.

काय बदलले?

पालकांचा पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे: तो मुलगा सुधारला काय? उपरोध सुटला काय, असा प्रश्नाचा अर्थ असेल, तर नाही. रात्रीच्या आढाव्यात त्याचे मत होते, “एकीचं बळ असतं, हे मान्य. पण ते वीस लिटरचं असतं, हे आधी सांगायला हवं होतं.” मुले हसली, कॅनचा दुसरा मानकरी सर्वांत मोठ्याने हसला, कारण ते हसू आता त्या दोघांचे होते. परतीच्या प्रवासात सामान मोजण्याचे काम कोणी न सांगता त्याने घेतले, आणि ते करताना तुकडीप्रमुखाच्या यादीवर दोन बोचरी भाष्येही केली. यादी दुरुस्त झाली.

एका सहलीने स्वभाव पालटत नाही आणि पालटावा अशी आमची अपेक्षाही नसते. वसतिगृहात पुन्हा रोजचे जीवन सुरू होते. नळाच्या रांगा, ताटांचे ढीग, दिवे बंद करण्याची वेळ. रिकामी भांडी तेथेही रोज दिसतात. सहलीने एक पायवाट पाडून दिलेली असते, ती वापराने रुंद होते किंवा वापराअभावी तिच्यावर गवत वाढते.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

घरी सुट्टीत आलेले मूल तिरकस बोलू लागले, तर पालकांनी काय करावे, याविषयी आमचा अनुभव सांगतो. टोमण्याला टोमण्याने उत्तर देऊ नये. त्या खेळात मूल जिंकते आणि नाते हरते. वाक्यातले खरे काय आहे, ते आधी शोधावे. ‘आपल्या घरात सगळे कामं वाटून घेतात, म्हणजे आई करते आणि आपण वाटून खातो,’ असे मुलगा म्हणाला, तर त्याच्या उद्धटपणावर बोलण्यापूर्वी वाक्य खरे आहे का, ते पाहावे. खरे असेल तर शांतपणे विचारावे, “मग उद्यापासून तू काय घेतोस?” जे काम तो घेईल ते संपूर्ण त्याचे असू द्यावे आणि ते नीट झाले की त्याचे नाव घेऊन सांगावे. माणसाच्या शरीरावर, बोलीवर, गरिबीवर आलेले वाक्य मात्र त्याच दिवशी, एकांतात आणि स्पष्ट शब्दांत थांबवावे. तेथे हसून सोडून देणे म्हणजे संमती देणे होय. त्यानंतर मुलाकडून मोठ्या कबुलीची अपेक्षा धरू नये. हात कामाला लागला, एवढे पुरे मानावे.

माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण आज कारखान्यांत, कार्यालयांत, रुग्णालयांत, शेतीत आणि चळवळीत काम करीत आहेत. दोष दाखवणारे सर्वत्र पुष्कळ भेटतात आणि दोष न पाहणारेही पुष्कळ. पाहून भरणारे थोडे असतात. आपल्या संस्थेच्या वाटचालीतही उणिवा आहेत आणि आपल्या तीक्ष्ण नजरेला त्या आमच्या आधी दिसतील. त्या जरूर दाखवाव्यात, हव्या तितक्या खोचक शब्दांत दाखवाव्यात. सोबत एक खांदाही घेऊन यावे. नववीची सहल दरवर्षी निघते. पायऱ्या तेवढ्याच आहेत, कॅन तेवढेच जड आहेत आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला नेहमीच एक माणूस लागतो.